चमन पैलवानास पाजलेल्या दुधाबाबत

दि. ११ डिसेंबर १९७४

नाव तात्यासो भूपाल मगदूम, वय ५२, धंदा म्हशी पाळून दूधविक्री, राहणार कोल्हापूर, मूळ तालुका हातकणंगले.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी रोज संध्याकाळी तालमीजवळच्या कट्ट्यावर म्हशी बांधून गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतो. चमन शमशुद्दीन मुल्ला, वय १२, हा कोडोलीचा पोरगा त्याच तालमीत राहून कुस्ती शिकतो.

परवा संध्याकाळी तो कट्ट्यावर आला. शालेय कुस्तीसाठी तालमीतून त्याची एकट्याची निवड झाल्याचे कळले. निवड झालेल्या पोराला कट्ट्यावर दूध पाजायचे, ही आमची रीत आहे. "पी रं वाघा, तालमीचं नाव काढ!" म्हणून पहिला पेला मीच दिला. मग इतरांनी पाजले. चौथा पेला त्याने स्वतः मागितला. मला कौतुकच वाटले.

काल सकाळी स्पर्धेच्या काट्यावर त्याचे वजन गटापेक्षा जास्त भरले व तो न खेळताच बाद झाला. वस्ताद गणपतराव यांनी त्याची वळकटी तालमीबाहेर फेकली. पोरगा रडत माझ्या गोठ्यावर आला. माझी पत्नी त्रिशला हिने त्याला जेवू घातले. आता वस्ताद म्हणतात, दुसऱ्या तालमीच्या सांगण्यावरून मी मुद्दाम दूध पाजले व पोरगा पळवला. साफ खोटं हाय, साहेब.

वजन वाढले म्हणून पैलवान बाद होतो, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. असली कसली कुस्ती, म्हणून मी पोराला घेऊन तालमीत गेलो व वस्तादांना खोदून खोदून विचारले. तेव्हा कळले की, वजन उतरवायला पोराला दोन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवले होते. "उपाशी पोरगं चिडून लढतंय," असे वस्ताद म्हणाले. माझे डोके फिरले. पोटात अन्न नाही आणि लढायचे कशाच्या जिवावर?

मग मी वस्तादांसमोरच चमनला विचारले, "आरं, उद्या काट्यावर उभं रहायचं हाय, एवढं तरी बोलायचं न्हाईस व्हय?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही पाजलं नसतं की, मामा."

वडील कोडोलीहून येईपर्यंत पोरगा माझ्याच घरी राहील. मग वस्तादांनी काय करायचे ते करावे.

हवालदारांनी हे सारे मला मोठ्याने वाचून दाखवले. पोराचे बोलणे तेवढे मी पुन्हा वाचायला लावले. ते तसेच आहे.

सही
तात्यासो भूपाल मगदूम