गच्चीच्या दाराची किल्ली

दिनांक २३ एप्रिल १९९८, बारामती.

नाव: श्रीमती जयवंता म्हस्कू देवकाते. वय: ५९ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त शिक्षिका. शिक्षण: पुण्यातील कॉन्व्हेंट शाळेत. राहणार: फ्लॅट नं. १२, तिसरा मजला, रेणुका अपार्टमेंट, भिगवण रस्ता, बारामती.

मला कोणी बोलावलेले नाही. आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, १९८६ च्या मे महिन्यात मी आणि समोरच्या फ्लॅटमधील शमशाद शेख यांनी गच्चीवर प्रथम एकत्र कुरडया घातल्या. सोऱ्या त्यांचा, गव्हाचा चीक माझा. शमशाद म्हणाली, "मिठाचं तेवढं तुमी बघा बाई, माझा रोजा हाय." मी चीक चाखून मीठ कमी आहे असे सांगितले. या भागाचा तपासाशी संबंध नाही असे हवालदारांनी सांगितले. तो माझ्या विनंतीवरून ठेवला आहे.

पूर्वीच्या नियमाप्रमाणे गच्चीला कुलूप असे व किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी दादासो कोकरे यांच्याकडे असे. गेल्या वर्षी आगीबाबत नवे परिपत्रक आले, त्यात दार कायम उघडे हवे असे होते. म्हणून कुलूप काढले. यंदा फेब्रुवारीत ते पुन्हा बदलले. कुलूप चालेल, पण किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत हवी. तपासणी होऊन दाखला मिळेपर्यंत कोणालाच फ्लॅट विकता येत नव्हता, कारण घेणाऱ्याची बँक दाखला मागत होती. दादासोंचा स्वतःचा व्यवहार अडकला होता.

परिपत्रक इंग्रजीत असल्याने सभेत ते मीच वाचून मराठीत समजावून सांगितले. शमशाद म्हणाली, "उद्या अजून बदाललं तर? आग लागल्यावर आधी कागद बघायचा का किल्ली?" सगळे हसले. दादासो म्हणाले, "भाभी, तुमी फकस्त काच फोडा. बाकीचं मी बघतो." मीही हसले.

दिनांक २१ रोजी सकाळी ८ वाजता मी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या. गेल्या वर्षी निम्म्या कुरडया कोणीतरी नेल्या होत्या. म्हणून मी दाराला कुलूप लावले आणि किल्ली पेटीत न ठेवता पर्समध्ये टाकली. तपासनीस कधीही येणार होते व दादासो रोज पेटी बघत. पेटी रिकामी दिसू नये म्हणून मी तिची बाजूची फळी सरकवून आत माझ्या ट्रंकेची किल्ली अडकवली. दोन्ही किल्ल्या पितळी आहेत. नंतर ९ च्या एस.टी.ने मी इंदापूरला मावसबहिणीकडे गेले. दुपारी परत येऊन किल्ली बदलायची असे मनात होते.

सव्वाअकराच्या सुमारास जिन्याखालच्या मीटरच्या फळीने पेट घेतला. मी तेथे नव्हते. पुढील हकीकत वॉचमन गेणबा यांच्या पत्नी कुशाबाई यांच्याकडून कळली. जिन्यात धूर भरला. शमशाद घरी एकटी होती. खाली येता येईना म्हणून ती गच्चीकडे गेली. कुशाबाईंनी खालून काच फुटल्याचा आवाज ऐकला. नंतर शमशाद ओरडली, "गेणबा, किल्ली लागंना! आरं, किल्ली लागंना!"

गेणबा डोक्यावर ओले पोते घेऊन पहारीसह वर गेला व त्याने कुलूप तोडले. तोवर शमशाद वरच्या पायरीवर पडली होती. मध्ये किती वेळ गेला असे विचारले असता सांगते की, कुशाबाई दहा मिनिटे म्हणतात. मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना विचारले. याहून कमी कोणी सांगितले नाही.

मी दीड वाजता परत आले. दार मोडलेले होते. कुरडया वाळल्या होत्या.

किल्ली गेणबानेच बदलली असे दादासोंनी पोलिसांना सांगितले व काल गेणबाला ठाण्यात आणले. मी ते खिडकीतून पाहिले. काल संध्याकाळी मी ठाण्याच्या फाटकापर्यंत येऊन परत गेले. का, असे विचारले असता सांगते की, मला भीती वाटली. अटकेची नव्हे, असे मी सांगणार होते. पण अटकेचीही. दोन दिवस मी घरात काडी ओढलेली नाही. शमशाद अद्याप शुद्धीवर नाही. दवाखान्यात मी दारापर्यंतच गेले.

पर्समधील किल्ली मी आज हजर केली आहे, ती पंचनाम्यात घ्यावी. काचेच्या पेटीत मिळालेली किल्ली माझ्या नावावर नोंदवावी. गेणबाला आजच घरी सोडावे आणि तसे आधी कुशाबाईंना कळवावे; त्या बाहेर बाकावर बसल्या आहेत. जबाबाची एक नक्कल दादासोंना द्यावी व त्यांनी ती सोसायटीच्या फलकावर लावावी. दुसरी शमशादचा मुलगा इरफान, राहणार इंदापूर, याला द्यावी. तो जी तक्रार करील ती मला मान्य आहे. शमशाद शुद्धीवर आल्यावर तिच्या हातात कागद देऊ नये. मला तिच्याकडे न्यावे, मी तोंडाने सांगेन.

हा मजकूर हवालदारांनी मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मीच वाचायला सांगितला. मी बोलले तेच लिहिले आहे आणि ते खरे आहे.

सही: ज. म्ह. देवकाते