डबल बेल मिळेपर्यंत

...आणि पुन्हा तीच लाल पाटी, 'आपल्या यंत्रासाठी उपलब्ध नाही'! तुम्हाला सांगतो, चांगले व्हिडिओ गेम निघतात ते कायम दुसऱ्याच्या यंत्रासाठी. आमचा गेमचा डबा जुना, कंपन्यांनी त्याचं नाव टाकलेलं, मग आमच्या नशिबी काय? एक बस चालवायचा गेम. तोही असा भिकार, की बस भिंतीत घुसून अडकते, प्रवासी गुडघ्यापर्यंत रस्त्यात रुतलेले आणि एकाला तर डोकंच नाही. मी स्वतः वीस वर्षं बस चालवतोय हो, माझ्या गाडीत बिनडोक माणसं चढतात, नाही असं नाही, पण मानेवर काहीतरी असतं!

कंपनीला फोन केला. पलीकडून गोड आवाज, "सर, त्या यंत्राला आता कोण विचारतं? नवीन घ्या ना." अरे, पण का?

आता मधे सासूबाईंचं सांगायला हवं. त्या कंडक्टर होत्या, आणि आमच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांची ड्युटी लागली माझ्याच गाडीवर. त्या खाली उतरल्या होत्या, मी डबल बेल न घेता गाडी काढली आणि सासूला स्टॉपवर ठेवून तीन स्टॉप पुढे गेलो... झालं. तेव्हापासून अकरा वर्षं माझ्याशी अबोला. आता आमच्याकडेच राहतात, पण जे काही ते बायकोमार्फत. "यांना सांग, चहा निवतोय." मी समोर, चहा समोर, तरी यांना सांग. मला फार लागायचं ते.

तर एका रविवारी मी हा भिकार गेम लावला, बस काढली, आणि मागून करड्या आवाजात, "अहो ड्रायव्हर, बेल दिली का मी?" हातात चमचा आणि स्टीलचा पेला. टण टण. गेली गाडी! मग रोज संध्याकाळी तेच. "थांबा, बाई रुतल्यात, त्यांना निघू द्या." "या बिनडोक्याला पास आहे का?" अकरा वर्षांचं एका महिन्यात बोलून घेतलं त्यांनी. मी खूश हो, खोटं कशाला बोलू?

आणि बायकोने काय करावं? माझ्या वाढदिवसाला जुना डबा दुकानात बदलून नवं यंत्र आणलं. बसचा काय गेम होता त्यावर! भिंती टणक, प्रवासी डोक्यासकट, दारं आपोआप. सासूबाई पेला घेऊन बसल्या. "कंडक्टर कुठंय?"

"यात लागत नाही, आई," बायको म्हणाली.

त्या उठल्या, पेला धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, "यांना सांग, चहा निवतोय."

आपला जुना भिकार गेम तरी लावावा म्हटलं, तर लाल पाटी, 'आपल्या यंत्रासाठी उपलब्ध नाही'! नवं यंत्र घेऊनसुद्धा तेच? तसाच धावत दुकानात गेलो. दुकानदार म्हणतो, "हा डबा? न्या की, धूळच खातोय."

आता चांगला गेम कपाटात आहे आणि आमची बस परवापासून भिंतीत. सासूबाई बेल देत नाहीत, बिनडोक्या अजून चढतोय म्हणे. डेपोतल्या मित्राचा फोन आला, तो त्यांनीच उचलला.

"जावईबापू उपलब्ध नाहीत," म्हणाल्या, "भिंतीत आहेत."