कुठल्या विमानानं, ते सांगायचं नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय हैबतराव मोकल, शकूचे एकेकाळचे साहेब आणि आजचे प्रमुख पाहुणे गोविंदराव पाथरे, व्यासपीठावरचे मान्यवर, गागोद्याहून टेम्पो करून आलेले आमचे गाववाले, पेणकर बंधू-भगिनींनो, आणि जिच्या निवृत्तीचा हा सत्कार आहे ती माझी धाकटी बहीण शकुंतला!

शकू, घड्याळाकडे बघू नकोस. माईक हातात आला की मी सोडत नाय, हे तुला ठाऊक आहे. तू तीस वर्षं माईकवर बोललीस, तेव्हा आम्ही काही म्हटलं का?

मी दिनानाथ, इथलाच मूर्तिकार, शाडूत हात घालणारा माणूस. हिचं काम मला बरीच वर्षं कळलंच नाही. विमानतळावर नोकरी म्हटल्यावर आमच्या आईला वाटायचं, पोरगी तिकिटं फाडत असेल. मग एकदा शकूनं समजावलं. मुंबईकडे चहूबाजूंनी विमानं येतात, उतरायची वाट मात्र त्या वेळेला एकच. कोण पुढं, कोण मागं, कोण वर, कोण खाली, हे ही पडद्यासमोर बसून ठरवते. पडद्यावर प्रत्येक विमान म्हणजे एक ठिपका. एकावर एक घिरट्या घालत असतील, तर खालच्या-वरच्यात हजार फुटांचं अंतर राहिलंच पाहिजे. आम्ही मूर्ती सुकायला मांडतो तेव्हा मध्ये हात जाईल एवढी जागा सोडतो, नाहीतर कानाला कान लागला की गेला. पण माझ्या मूर्ती जागेवर बसलेल्या असतात हो! हिच्या धावत असतात, आणि एकेकीच्या पोटात दीडशे माणसं. हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नोकरी लागल्यापासून शकूनं घरात एक नियम केला होता. आपल्यापैकी कुणी विमानानं येणार असेल, तर कुठल्या विमानानं, ते तिला सांगायचं नाही. आम्ही म्हणायचो, काय हा आगाऊपणा! घरचं माणूस एवढ्या मोक्याच्या जागी, आणि वशिल्याचा उपयोग शून्य. ती एवढंच म्हणायची, “दादा, मला सगळे ठिपके सारखे दिसायला पाहिजेत.”

शकूची मुलगी मैना तेव्हा सहा वर्षांची होती. नागपूरला माझ्या मूर्तींचं प्रदर्शन होतं, म्हणून मैना आणि आमची आई गिरजाबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. परतताना आम्ही तिघं पहिल्यांदाच विमानात बसणार होतो. मी पाण्याची बाटली आणायला गेलो, तेवढ्यात आईनं माझ्या मोबाईलवरून शकूला गाठलं. शकू कामावर शिरत होती, फोन बाहेर ठेवायच्या बेतात. आई म्हणाली, “शकू, आमी दुपारच्या इमानात बसतोय. पोरीच्या पोटात ढवळतंय, जरा लवकर उतरव गो.”

झालं! इतक्या वर्षांचा नियम आईनं एका वाक्यात मोडला.

मुंबईवर त्या दिवशी परतीचा पाऊस झोडपत होता. आमचं विमान पडद्यावर आलं, तसं शकूनं पाथरेसाहेबांना सांगितलं, साहेब, यात माझी मुलगी आहे, मला उठवा. साहेबांनी बदलीचा माणूस बोलावला. तो खुर्चीपाशी यायच्या आतच मागच्या एका विमानानं कळवलं की त्यांचं एक इंजिन बंद पडलंय. ते आणि आम्ही एकाच वाटेला लागलेले, आम्ही पुढं. थोड्या वेळात मैना जमिनीवर आली असती. साहेब शकूच्या मागेच उभे होते. ते सांगतात, ही क्षणभरही थांबली नाही. आपल्या पोरीचं विमान तिनं रांगेतून काढलं, वर चढवलं, परत त्या ढगांकडे वळवलं, आणि मोकळी झालेली वाट त्या लंगड्या विमानाला दिली. आवाज जसा होता तसाच राहिला.

आणि आत आमची काय गंमत चालली होती? हादरे सुरू झाले, मैना माझ्या शर्टावर ओकली. मग ढगांत फट पडली आणि खाली कुंडलिका नदीचं वळण दिसलं, धाटावच्या कारखान्यांची धुराडी दिसली. आई खूश! शेजारच्या बाईला म्हणते कशी, “माझी लेक हाय तिकडं बोलनारी. बगा, सरळ रोह्याला, आमच्या गावाजवल सोडतेय.” आम्ही रोह्यावर घिरट्या घालत बसलो. ते विमान उतरलं, त्यातली माणसं आपल्या पायांनी घरी गेली. मग आम्ही उतरलो, आणि आम्हाला उतरवलं ते बदलीच्या माणसानं.

शकू घरी आली तशी आईनं तिला फैलावर घेतलं, पोरीला एवढं कशाला फिरवलंस म्हणून. शकूनं मैनाला मांडीवर ओढलं. म्हणाली, “आई, पुन्हा कधी सांगू नकोस.” इंजिनाबद्दल अवाक्षर नाही. ते मला पाथरेसाहेबांनी सांगितलं, मागच्या आठवड्यात, निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा. मंडळी, मी त्यांच्या जिन्यात बराच वेळ बसून राहिलो. हे आमच्या घरातलं माणूस? जिला मी सायकल शिकवताना गटारात पाडली, ती ही? धाकट्या बहिणीच्या पाया पडायची आपल्यात रीत नाही. असती तर आज इथंच पडलो असतो.

आई आज नाही. मैना हैदराबादला नोकरी करते, आणि आपल्या आईच्या सत्काराला म्हणून आज निघाली आहे; सकाळची रजा मिळाली नाही, तेव्हा भाषणं नाही तरी रात्रीचं जेवण गाठेल. काल तिच्याशी फोनवर बोलताना शकूनं नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच विचारलं, “कुठल्या विमानानं येतेस गो?” मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि उठून अंगणात गेलो.

त्या खुर्चीत आत्ता दुसरं कुणीतरी बसलंय. त्याला मैना ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे.

मंडळानं मला बोलू दिलं, तुम्ही चुळबुळ न करता ऐकलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. मूर्तीला रंग देता येतो, बोलण्याला मला देता येत नाही. कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द वेडावाकडा गेला असेल, तर घरचा समजून पदरात घ्या.

शकू, आता बघ घड्याळाकडे. पोरीची उतरायची वेळ झाली.