अडचणीच्या आधीची अडचण

...आणि वर डॉक्टर मलाच म्हणतात, ‘घाबरू नका’. तुम्हाला सांगते, घाबरट मी आहेच, मागून कुणी शिंकलं तरी माझ्या हातातला चहा सांडतो. पण घाबरट मी आहे, माझी फुप्फुसं नाहीत.

दर महिन्याला पाळीच्या आधी चार दिवस छातीत शीळ वाजायला लागते, एक जिना चढायला तीनदा थांबावं लागतं, त्यात नोकरी जुन्या फायलींच्या रेकॉर्ड रूममध्ये, म्हणजे धूळ पगारासोबत मिळते... मग सुट्टी, मग साहेब. “बाई, तुम्हाला धाप काय कॅलेंडर बघून लागते?” आता काय सांगू, कॅलेंडर बघूनच लागते की! पण मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यांच्याच हातात, म्हणून नुसता रजेचा अर्ज पुढे सरकवला. घरी आई म्हणते, “मनाला लावून घेतेस.” वहिनी म्हणते, “लग्न झालं की जाईल.” काय जाईल, वहिनी? दमा की मी?

म्हटलं, बास. घाबरट मी आहे, फुप्फुसं नाहीत, आणि हे आता लिहूनच दाखवायचं. वही घेतली, दम मोजायची नळी घेतली, तीन महिने रोज सकाळी फुंकून आकडा लिहिला आणि डॉक्टरांसमोर जाऊन बसले. ते मान खाली घालूनच, “श्वासाची अडचण कधी येते?”

“अडचण यायच्या आधी.”

“अडचणीच्या आधी अडचण येते?”

“हो. आणि अडचण आली की अडचण जाते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “घाबरू नका. नीट सांगा.”

अहो, घरात जन्मभर त्या दिवसांना ‘अडचण’च म्हणायला शिकवलंय, जीभ वळणार कशी? शेवटी डोळे मिटले आणि म्हणाले, “पाळी!” इतक्या मोठ्यांदा, की बाहेरच्या बाकावरचे आजोबा दार ढकलून आत, “आली का माझी पाळी?”

आजोबांना परत बसवलं, डॉक्टरांनी वही चाळली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “आकडा दर वेळी पाळीच्या आधीच घसरतोय. होतं असं काही जणींना. आधी का नाही बोललात?”

...जाऊ दे. रोजचा पंप चुकवायचा नाही, ते दिवस जवळ आले की काय करायचं, कधी धावत यायचं, सगळं लिहून दिलं; शिवाय ऑफिससाठी चिठ्ठी, त्या दिवसांत धुळीचं काम नको. चिठ्ठी नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली, कान लाल झाले, आणि महिनाअखेरीस मला कायम केलं.

जिंकले ना मी? पण साहेब पडले कामाचे पक्के. आता फायली झटकायच्या त्या माझे दिवस उलटल्यावरच, असं वेळापत्रक सगळ्या खात्याला लागू. आणि या महिन्यात पाळीलाच झाला उशीर. आठ माणसं फडकी घेऊन बसलेली. शेवटी शिपाईकाका दारात उभे राहून हळूच म्हणाले, “ताई, साहेब विचारतायत, अजून किती दिवस धरायचे?”

म्हटलं, “काका, साहेबांना सांगा, ही तारीख माझ्या सहीने ठरत नाही.”