मेहुण्याने आवरलेली वायर

...आणि वर पुन्हा दोष कुणाला द्यायचा, तुम्हीच सांगा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे बोलायची सोय नाही, आणि माणूस नीटनेटका आहे हो, चपलासुद्धा जोडीने ठेवतो! आम्ही तिघं वर्कशॉप हलवत होतो. गाडीमागे ट्रेलर, त्यावर लेथ मशीन, गाडीपेक्षा जड. आता एवढं धूड नुसत्या गाडीच्या ब्रेकने थांबतं का? म्हणून स्टीअरिंगखाली एक डबी असते. तुम्ही ब्रेकवर पाय दिलात की ती वायरीतून करंट सोडते आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. डबीवर हिरवा दिवा, वायर जोडलेली असेपर्यंत पेटता, शेजारी छोटी दांडी, ती दाबली की नुसत्या ट्रेलरचे ब्रेक. पण सगळा जीव त्या वायरीत, तुम्हाला सांगतो. ती सैल सोडायची, कारण वळणावर ट्रेलर तिला ओढतो. घाटाच्या उताराआधी डिझेलला थांबलो, तिथे यानं ती लोंबताना पाहिली. माणूस नीटनेटका. गुंडाळून घट्ट बांधली, मला सांगितलंही नाही.

पहिल्याच मोठ्या वळणावर म्हणतो, "दाजी, दिवा विझला. बरं झालं, डोळ्यांवर येत होता."

विझला? वायरीचा प्लग उपटून आला होता! दांडी दाबली... काही नाही. मागून लेथ ढकलतोय, मी गिअर खाली आणतोय, ब्रेक दाबतोय, सोडतोय, जोरात दाबला तर ट्रेलर आडवा येणार, दाबून धरला तर ब्रेक तापून निकामी होणार, जळका वास तर सुटलाच होता, उजवीकडे दरी, आणि मागून बायको अगदी हळू विचारते, "अहो, थांबेल ना?" शेवटी गाडी डावीकडच्या कड्याला घासत नेली. थांबली. डावी बाजू मात्र उरली नाही, आणि बायको त्याच बाजूला बसलेली.

हात मोडला. "ताई, हलू नकोस," म्हणत यानं आपल्या मफलरनं तो बांधला, गाठीवर गाठ, कडेला कड जुळवून. मीच मनात म्हटलं, काही म्हणा, माणूस नीटनेटका.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिची बोटं काळीनिळी. डॉक्टरीणबाईंनी कात्रीनं मफलर कापला. "कुणी बांधलं हे? जरा सैल नको का ठेवायला?"

तो खाली वाकून मफलरच्या तुकड्यांच्या घड्या घालत होता.