दोन वर्षं लपवलेली गाठ

रिपोर्ट लिफाफ्यात भरताना लॅबमधल्या बाईंना खिडकीपलीकडच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं. म्हातारे भाऊबहीण होते. भावाची मुलगी आत तपासणीसाठी रक्त द्यायला गेली होती.

"दोन वर्षं गाठ लपवली हिनं. मला का नाही सांगितलं, ताई?"

"तू देवाची शिक्षा म्हणशील, म्हणून."

"मी?"

"नाहीतर कोण? चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायचास, तेव्हा पोरांना ताप आला, तरी आधी पाप आठवायला लावायचास."

"देवाचं भय असावं, म्हणून गं."

"असावंच. पण ही जन्मली नि हिला पहिल्यांदा हातात घेतलंस, तेव्हा तुझे हात लटपटत होते. ती काय तुला मारणार होती?"

"माझ्या हातून तिला काही होईल, असं वाटलं होतं."

"तसलं भय शिकवायचं होतंस, अरे. ज्याच्यावर जीव आहे, त्याला आपण दुखवू नये, एवढंच. तू देवाच्या हाती छडी दिलीस."

"माझीच छडी."

दंडावर कापूस दाबत मुलगी बाहेर आली.

"पप्पा, रागावू नका. मी खूप आठवून पाहिलं. कुठल्या पापाची शिक्षा, ते सापडलंच नाही."

म्हातारा उठून उभा राहिला.

"शोधू नकोस, बाळा. बस इथे."