शिवेपलीकडचा कौल

लोकदैवतांनाही हद्द असते, हे तुम्ही माझ्याकडून पुष्कळदा ऐकले आहे. आज चहा येईपर्यंत त्या हद्दीवर काय घडले, ते ऐका.

माझा मावसभाऊ विलास याचा किन्हीराजा गावाजवळ हळदीचा कारखाना आहे. परदेशी खरेदीदाराशी वाद झाला, करारानुसार सिंगापूरच्या लवादाने विलासविरुद्ध निवाडा दिला आणि कारखाना हातचा जाण्याची वेळ आली. वकील म्हणाले, "निवाडा रद्द करण्याचा अधिकार सिंगापूरच्याच न्यायालयाला आहे. वसुलीसाठी खरेदीदाराने तो भारतात आणला, तरच इथे हरकत घेता येईल."

हताश विलास मला गावाच्या शिवेवर, रस्त्यालगतच्या देवीकडे घेऊन गेला. तिथे गंगूबाईंच्या अंगात येते. वादाविषयी आम्ही अवाक्षरही काढले नव्हते.

"माय, मले वाचव," एवढेच तो म्हणाला.

"तो कौल पान्यापल्याड लागला. माह्या शिवंतला नाही. मी कशी मोडू?" बाईंच्या तोंडून देवी बोलली.

"एका देवाचा कौल दुसरा मोडत नाही, ही जुनीच रूढी आहे," मी विलासला कुजबुजत समजावले.

"मंग मी काय करू, माय?"

बाईंनी मिटल्या डोळ्यांनीच मान रस्त्याकडे वळवली. "काहून घाबरतं? तो आला. आत्ताच शिव वलांडली त्यानं."

विलासचा फोन वाजला. वकील होते. "अहो, निवाडा घेऊन खरेदीदाराचे वकील आत्ताच आपल्या उच्च न्यायालयात आले. आता लढता येईल!"

विलास आनंदाने उठला, तोच बाईंनी त्याचा हात धरला.

"थांब. त्याले पुढं जाऊ दे."

रस्ता पूर्ण मोकळा होता. तरीही मी बाजूला सरकलो.